खांदे फिरवायला सांगितले, फिरले पुरुष

पत्र थोडक्यात: बोरिवलीत राहणाऱ्या ४३ वर्षांच्या एका योगशिक्षिकेचं हे पत्र आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये १२ वर्षं त्या वर्ग घेतात. गेल्या पावसाळ्यात भाचीने त्यांना एक ऑनलाइन बॅच जुळवून दिली. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा मेक्सिको सिटीत आदल्या संध्याकाळचे सात आणि कोलंबियात आठ वाजलेले असतात. पडद्यावर तिकडचे चौदा जण, त्यात तीन पुरुष. बाईंनी मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून आठ महिने स्पॅनिश शिकून घेतलं, अवयवांच्या १६० शब्दांची वही केली: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्पॅनिश. तरी एके दिवशी ‘खांदे मागे फिरवा’ म्हणताना ‘ओम्ब्रोस’च्या जागी ‘ओम्ब्रेस’ निघून गेलं. ओम्ब्रो म्हणजे खांदा, ओम्ब्रे म्हणजे पुरुष. वर्ग खो खो हसला. तेव्हापासून तोंड उघडायची भीती बसली आहे. त्यातच एकदा एका विद्यार्थिनीने हाताबद्दल काहीतरी सांगितलं, यांना तो ‘ओर्मिगेओ’ की काय तो शब्द कळला नाही, यांनी ‘मुय ब्येन’, म्हणजे ‘छान’, म्हणून पुढचं आसन घेतलं. मुलगी म्हणते इंग्रजीत शिकव, नवरा म्हणतो नुसतं करून दाखव. ‘माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजीच कच्चं, त्यावर स्पॅनिश कसं उभं राहणार? पाठांतराचा एखादा उपाय सांगा, नाहीतर वर्ग सोडून देऊ का ते सांगा,’ असं त्या विचारतात.

ताई,

आधी कबूल करते, मीही हसले. चौदा जण आपापल्या मॅटवर उभे आहेत आणि बाई शांत आवाजात सांगतायत, ‘आता पुरुष मागे फिरवा, सावकाश, पाच वेळा.’ त्या तिघांनी काय केलं ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत, ही चुटपुट राहिली.

हसायचा थोडा हक्क मला आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी स्पॅनिशच्या वर्गाला जायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वय सांगायची वेळ आली. वर्षाला तिकडे ‘आन्यो’ म्हणतात. त्यांच्या लिपीत त्या ‘न’च्या डोक्यावर एक छोटी नागमोडी रेघ असते, तिने ‘न’चा ‘न्य’ होतो. मी ती रेघ गिळली आणि ‘आनो’ म्हणाले. आनो हासुद्धा शरीराचाच भाग आहे, पण त्याचं नाव आपल्याकडे डॉक्टरही आवाज उतरवून घेतात. मला असे अडतीस आहेत, असं मी भर वर्गात जाहीर केलं. बाईंनी खडू खाली ठेवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, पुन्हा सांगा.

असो. तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही स्वतः नीट वाचली नसावी असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय, ‘दुसऱ्या दिवशी सगळे परत आले, एकीने तर बहिणीलाही आणलं.’ ओळ संपते आणि लगेच तुमचं रडगाणं पुन्हा सुरू होतं. ज्या बाईची खिल्ली उडवायची तिच्याकडे कोणी बहिणीला घेऊन येत नाही. तुमच्या सोसायटीच्या वर्गात एखाद्या गुजराती काकू ‘माझा कंबर दुखतो’ म्हणत असतील, तेव्हा तुमच्याही ओठांवर हसू येतच असेल की. त्या काकूंबद्दलचं तुमचं मत त्या हसण्याने किती खाली येतं? या अशा फजितीला स्पॅनिशमध्ये ‘मेतेर ला पाता’ म्हणतात. शब्दशः, तंगडी आत घालणं. पाता म्हणजे जनावराचा पाय, टेबल-खुर्चीचा पायही पाताच. माणसाच्या पायाला वेगळा शब्द आहे, त्याकडे येतेच. पण घोळ घालणाऱ्याचा पाय त्यांनी जनावराचा धरलाय, हे मला आवडतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाला हात घालते. इंग्रजी कच्चं म्हणून स्पॅनिश जमत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. मला नेमकं उलटं दिसतंय. तुमचं स्पॅनिश अडतंय ते वहीच्या डाव्या रकान्यापाशी. मराठीतून मनात आलेलं वाक्य तुम्ही आधी इंग्रजीत नेता, तिथून स्पॅनिशमध्ये आणता. म्हणजे बोरिवलीहून दहिसरला जायचं आणि वाटेत चर्चगेट करायचं.

तुम्ही दिलेलीच उदाहरणं घेऊ. ‘तुमचे हात वर करा’साठी तुम्ही ‘लेबान्तेन सुस मानोस’ म्हणता. यातलं ‘सुस’, म्हणजे ‘तुमचे’, इंग्रजीतून आलं. इंग्रजीला प्रत्येक अवयवाला मालकाची पाटी लावल्याशिवाय चैन पडत नाही. मराठी माणूस वर्गात काय म्हणतो? ‘हात वर करा. डोळे मिटा. पाठ ताठ.’ कोणाचे हात, कोणाची पाठ, हे कोणी विचारत नाही. स्पॅनिशही तसंच बोलतं. तिथे अवयवाच्या आधी ‘एल’ किंवा ‘ला’, अनेकवचनात ‘लोस’ किंवा ‘लास’ लागतं, एवढंच: ‘सिएर्रेन लोस ओखोस’, डोळे मिटा. ‘मे लाबो लास मानोस’, हात धुते. ‘सुस’ लावलंत तर कळणार नाही असं नाही, पण त्यांच्या कानाला ते ‘आपापले स्वतःचे डोळे मिटा’ असं काहीतरी वाटतं. शेजारणीचे कोण मिटायला जातंय?

आणखी गंमत म्हणजे, ‘उजवा हात वर करा’ असं तुम्ही चौदा जणांना सांगता तेव्हा मराठीत हात एकच असतो. माणसं चौदा, पण प्रत्येकाचा उजवा हात एक, म्हणून एकवचन. स्पॅनिशमध्येही हुबेहूब तसंच, ‘लेबान्तेन ला मानो देरेचा’. इथे इंग्रजीतून गेलात की हातांचं अनेकवचन होऊन बसू शकतं.

दुखण्याचं तर विचारूच नका. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे शब्दशः ‘मला डोकं दुखतंय’. कर्ता डोकं, आणि ज्याला दुखतंय तो ‘मला’. ‘मला चक्कर येते’, ‘मला आवडतं’ असं आपण दिवसभर बोलतो, तोच हा साचा. एक डोकं दुखलं तर ‘दुएले’, दोन्ही गुडघे दुखले तर ‘दुएलेन’. आपल्याकडेही दुखतं आणि दुखतात. तुमच्या-माझ्या पिढीतल्या मराठी शाळांमधल्या मुलांनी ‘माय हेड इज पेनिंग’ म्हटलं की कॉन्व्हेंटवाले फिदीफिदी हसायचे, आठवतं? डोक्याला कर्ता करून त्यालाच दुखायला लावायचं, ही आपली सवय. इंग्रजीने त्याबद्दल कान पिळला. स्पॅनिशमध्ये ती सवय बिनचूक ठरते. तुम्ही मात्र तो कान पिळलेला लक्षात ठेवून ‘मी काबेसा दुएले’, म्हणजे ‘माझं डोकं’ करून बसलात.

त, द, प, क हे उच्चारसुद्धा तुमचे आयते आहेत. ‘देदो’ म्हणजे बोट, त्यातला पहिला ‘द’ आपल्या दह्यातला. इंग्रजी वळणाने शिकणाऱ्यांना तो ‘द’ काढायला बरेच दिवस लागतात. आणि हे बोट हाताचंही चालतं, पायाचंही, आपल्यासारखंच. इंग्रजीने पायाच्या बोटांना वेगळा शब्द ठेवलाय, तुम्ही वहीत त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. खोडून टाका.

तुमच्या विषयातले तर असे शब्द सापडतात की मन हरखतं. पाठीवर उताणं झोपायचं त्याला ‘बोका आर्रिबा’, तोंड वर. पालथं म्हणजे ‘बोका आबाखो’, तोंड खाली. अधोमुख श्वानासनाला तिकडे ‘पेर्रो बोका आबाखो’च म्हणतात. उकिडवं बसायला त्यांच्याकडे ‘एन कुक्लियास’ असा स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. चवड्यांवर उभं राहायला ‘दे पुन्तियास’, मेक्सिकोत ‘दे पुन्तितास’. दाढ आणि दात त्यांनीही वेगळे ठेवलेत, म्वेला आणि द्येन्ते. अक्कलदाढेला तर ‘म्वेला देल ख्विस्यो’ म्हणतात, ख्विस्यो म्हणजे सारासार विवेक. दोन टोकांच्या दोन भाषांना ती दाढ आली की अक्कल येते असं वाटावं! (माझी आलीच नाही. डॉक्टर म्हणाले हाडातच अडकलीय.)

पण मराठीवर डोळे मिटून विसंबू नका, ती चार-पाच ठिकाणी दगा देते. यातली दोन ठिकाणं तुमच्या रोजच्या वर्गातली आहेत.

पहिलं, हात आणि पाय. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत एकसंध असतो. स्पॅनिशमध्ये मनगटापर्यंतचा ‘ब्रासो’, पुढचा पंजा ‘मानो’. सूर्यनमस्कारात तुम्ही हात वर न्यायला सांगता तेव्हा तुम्हाला ब्रासोस हवे आहेत. नुसतं ‘मानोस आर्रिबा’ म्हणालात तर ते दरोडेखोराचं वाक्य होतं, ‘हात वर!’ पायाचंही असंच. घोट्याच्या वरचा ‘प्येर्ना’, खालचं पाऊल ‘प्ये’. ‘पाय सरळ’ म्हणताना प्येर्ना, ‘पाय जुळवा’ म्हणताना प्ये. मराठीत पाऊल हा शब्द आहे, पण वर्गात आपण तो वापरत नाही, सगळं पायावरच भागवतो. तुम्ही आठवडाभर सोसायटीच्या वर्गात मुद्दाम पाय आणि पाऊल वेगळं बोलून पाहा. मराठीत फरक पडला की स्पॅनिशमध्ये आपोआप पडेल.

दुसरं ठिकाण जास्त नाजूक आहे: कंबर. आपली कंबर फार पसरलेली आहे. साडी खोचतो तीही कंबर, आणि ‘कंबर धरली’ म्हणून रात्रभर तळमळतो तीही. स्पॅनिशमध्ये ‘सिन्तुरा’ म्हणजे पट्टा बांधतो ती बारीक जागा, ‘कादेरा’ म्हणजे खुबा, आणि मागची दुखरी जागा ही पाठीत जमा, ‘एस्पाल्दा बाखा’, खालची पाठ. पुढे वाकायचं आसन सांगताना ‘कंबरेतून वाका’ असं आपण म्हणतो ते खरं तर खुब्यातून असतं. तिथे सिन्तुरा म्हणालात तर माणसं पाठ गोल करून मधूनच वाकतील, आणि मग एस्पाल्दा बाखा हा शब्द तुम्हाला न शिकवता कळेल.

कानाचं पटकन सांगते. दिसतो तो कान ‘ओरेखा’, आतला, ऐकायचा आणि दुखायचा कान ‘ओईदो’. मान ‘क्वेयो’, घसा ‘गार्गान्ता’. इथे आपला आणि त्यांचा हिशोब जुळतो. ‘मुन्येका’ म्हणजे मनगट आणि बाहुलीही. तेव्हा ‘बाहुल्या गोल फिरवा’ ऐकून तुमचं तुम्हालाच हसू आलं तर येऊ द्या.

लिंगाबद्दल तुम्ही फार घाबरून लिहिलंय. ज्या बाईला उजवा हात, उजवी मांडी आणि उजवं पाऊल न अडखळता म्हणता येतं, तिला ‘ब्रासो देरेचो’ आणि ‘प्येर्ना देरेचा’ जड का जावं? विशेषणाने नामाच्या मागे धावायचं ही आपली जुनी सवय. तिकडे नामांना तर नपुंसकलिंगही नाही, एक कटकट कमीच. फक्त लिंग मराठीवरून ठरवू नका. पाठ आणि जीभ दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहेत, पण मान, छाती, मांडी, टाच या आपल्या चौघी तिकडे पुल्लिंगी आहेत, आणि आपला गुडघा तिकडे ‘ला रोदिया’ आहे. शेवटच्या अक्षरावरूनही नेहमी ठरत नाही, कारण ‘मानो’ ‘ओ’ने संपूनही स्त्रीलिंगीच, ‘ला मानो’. उपाय एकच, शब्द सुटा पाठ करायचा नाही. ‘मानो’ असं वहीत लिहायचंच नाही, ‘ला मानो’ लिहायचं, तेही वाक्यात.

आता जे बोलायचं टाळावंसं वाटतं तेही बोलते, कारण तुमच्यासारख्या आणखी कोणाला ते कोणी सांगणार नाही. ‘पावलं हातांनी धरा’ हे वाक्य तुम्ही अ‍ॅपवर किंवा स्पेनमधल्या एखाद्या व्हिडिओत ‘कोखेर’ या क्रियापदाने शिकला असाल. स्पेनमध्ये ते साधं ‘घेणं, पकडणं’ आहे, बससुद्धा कोखेरच करतात. मेक्सिकोत त्याचा अर्थ थेट शय्यासोबतीचा होतो, आणि तोही शिवराळ. तिथे ‘तोमेन’ म्हणा, ‘आगार्रेन’ म्हणा. बसायच्या भागासाठी ‘ग्लुतेओस’ हा शरीरशास्त्रातला शब्द सगळीकडे निर्धोक आहे. घरगुती शब्द देशागणिक बदलतात, एका ठिकाणचा लाडाचा शब्द दुसरीकडे शिवी होतो. जमीन स्पेनमध्ये ‘स्वेलो’, तुमच्या लोकांकडे ‘पिसो’.

हे सगळं तुमच्या बोलण्याबद्दल झालं. मला खरी काळजी वाटली ती पुरुष फिरवण्याची नाही, ‘मुय ब्येन’ची.

तो शब्द ‘ओर्मिगेओ’च होता. ओर्मिगा म्हणजे मुंगी. ती मुलगी सांगत होती, हाताला मुंग्या आल्यात. बघा, अर्धं जग ओलांडून मुंग्या तशाच आल्या. इंग्रजीत गेलात की त्यांच्या टाचण्या-सुया होतात. एकदा ‘ओर्मिगा, मुंगी’ एवढं मनात बसलं की हा शब्द तुम्ही जन्मात विसरणार नाही. पण त्या दिवशी तिने मुंग्या सांगितल्या आणि तुम्ही ‘छान’ म्हणालात. अधोमुख श्वानासनात मनगटावर भार येऊन मुंग्या आल्या असतील तर थोडं थांबून जातं, मानेतली नस दबली असेल तर नाही जात. हे मी तुम्हाला सांगायला नको. सोसायटीच्या हॉलमध्ये कोणी ‘बाई, मुंग्या आल्या’ म्हटलं असतं तर तुम्ही जागच्या उठून गेला असतात.

म्हणून माझी विनंती आहे की १६० शब्द बोलता येण्याच्या आधी तक्रारीचे पंधरा-वीस शब्द ऐकता येऊ देत. ‘कालाम्ब्रे’ म्हणजे पोटरीत वगैरे येतो तो गोळा. ‘मारेआदा’ म्हणजे गरगरतंय, पुरुष असेल तर ‘मारेआदो’. ‘मे मोलेस्ता ला रोदिया’ ऐकलंत तर दचकू नका. इंग्रजीच्या वाटेने आलात तर तो शब्द भलताच भयंकर वाटेल, पण बिचारीचा गुडघा थोडा कुरकुरतोय एवढंच ती सांगतेय. आणि ‘एस्तोय एम्बारासादा’ असं कोणी लाजत सांगितलं तर ती लाजलेली नाही, गरोदर आहे. तिला पोटावरची आणि पिळाची आसनं देऊ नका. शब्द कळलाच नाही तर ‘मुय ब्येन’ सोडून काहीही चालेल. ‘दोन्दे?’ म्हणजे कुठे, ‘मुएस्त्रेमे’ म्हणजे मला दाखवा. कॅमेऱ्यासमोर ती बोट ठेवेल. दाखवण्याला व्याकरण लागत नाही.

याच पंधरा-वीस शब्दांची गरज आणखी बऱ्याच जणांना आहे. जहाजावर स्पॅनिश बोलणाऱ्यांबरोबर काम करणारी आपली कोकणातली मुलं, परदेशात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाया, इथे रात्रपाळीला बसून तिकडच्या दवाखान्यांचे कागद लावणारे. त्या कागद लावणाऱ्यांना एक जास्तीचं सांगते: कागदावर ‘आब्दोमेन’ लिहिलेलं असतं, तोंडाने मात्र कोणी ‘बार्रिगा’ म्हणतं, कोणी ‘पान्सा’, जसं आपल्याकडे कागदावर उदर आणि तोंडात पोट. दोन्ही रकाने ठेवा.

मुलीचा आणि नवऱ्याचा सल्ला मी उडवून लावत नाही. नुसतं करून दाखवणं ही योगातली जुनीच पद्धत, आणि आसनांची संस्कृत नावं तशीच ठेवा, ती त्यांना ऐकायला हवीच असतात. (ताडासनाला तिकडे ‘डोंगराचं आसन’ म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर ताडाचं झाड असतं, कोणाला सांगू नका.) पण अडचण अशी, की पालथं पडलेल्या माणसाला पडदा दिसत नाही. डोळे मिटलेल्यालाही नाही. शवासनात तुमचा आवाजच लागतो, आणि तो कुठल्यातरी भाषेत असावा लागतो. राहिलं इंग्रजी. ते तुमचंही परकं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचंही असेल. दोघांनी परक्या घरी भेटायचं, तर निदान एकाच्या घरी भेटलेलं बरं. वर्ग सोडायचा असेल तर दुसऱ्या कारणासाठी सोडा, सकाळी साडेसहाला घरचा डबा कोण करतं वगैरे. ओम्ब्रेससाठी नको.

आता करायचं काय? वहीतली ती दोन रकान्यांची पानं फाडू नका, पण बंद करून ठेवा. तुमचा रविवारचा मराठी वर्ग मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकून तुम्ही जे जे बोलता ते जसंच्या तसं उतरवून काढा. माझा अंदाज आहे, तासाभराच्या वर्गात तुमची वेगळी वाक्यं चाळीस-पन्नासच निघतील. आपण सगळेच तेवढ्याच वाक्यांवर जगतो. ‘गुडघे थोडे वाकवा.’ ‘खांदे कानांपासून लांब.’ ‘टाचा जमिनीला टेकवा.’ त्यांच्यासमोर स्पॅनिश लिहा, मधे इंग्रजी नको. बहिणीला घेऊन आलेल्या त्या बाईंना विचारा, मला ही वाक्यं तुमच्या आवाजात वाचून पाठवाल का? बदल्यात त्यांना काय हवं ते शिकवा. लोकांना मदत मागितलेली आवडते, बहिणीला आणणारीला तर नक्कीच. ती चाळीस वाक्यं आली की प्रत्येक वाक्यासरशी तो अवयव हलवा. गुडघा वाकवल्याशिवाय ‘रोदिया’ म्हणायचंच नाही. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, शरीराला एकदा कळलेलं ते लवकर विसरत नाही.

आणि उजळणीसाठी वेगळा वेळ काढू नका. दादरला बहिणीकडे जायला तुम्ही सकाळची फास्ट पकडता असं लिहिलंय. बायकांच्या डब्यात उभं राहा, बाकीचं गर्दी करेल. बरगडीत कोणाचं तरी ‘कोदो’ रुतेल, म्हणजे कोपर. बरगडी ‘कोस्तिया’. पावलावर कोणाची ‘तालोन’ पडेल, म्हणजे टाच. नाकाशी, ‘नारिस’शी, कोणाच्या तरी ‘पेलो’तला मोगरा येईल. मी अंधेरीच्या पुढे दोन्ही गुडघ्यांची नावं घेत उभी राहिलेली आहे. शेजारणीला वाटलं बाई जप करतेय, तिने सरकून जागा दिली. आणि तिथेच तुम्हाला माझा सगळ्यात लाडका शब्द भेटेल, ‘कोदासो’. कोपराने मारलेला ढोसा. कोदोवरून कोदासो, कोपरावरून कोपरखळी. इंग्रजीत याला एका शब्दात काय म्हणतात ते मी आठवायचा प्रयत्न केला, मालाड आलं तरी आठवलं नव्हतं.

एक शेवटचं. कोलंबियातल्या, विशेषतः बोगोतातल्या माणसांना ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, फार प्रिय आहे, घरातल्या घरातही वापरतात. मेक्सिकोत बरोबरीच्यांना ‘तू’ चालतं. आणि हो, त्यांचा ‘तू’ म्हणजे आपलाच ‘तू’. सगळ्या वर्गाला एकत्र सांगताना ‘लेबान्तेन, दोब्लेन, रेस्पिरेन’ अशी ‘न’ने संपणारी रूपं दोघांनाही चालतात. एकेकट्याशी बोलताना मात्र आपल्याकडे काकूंना जसं तुम्ही म्हणता तसं म्हणा. वयाचा मान राखलेला कुठेही चुकीचा वाटत नाही.

सोमवारचा वर्ग खांद्यांपासूनच सुरू करा. सगळे मॅटवर उभे राहिले, कॅमेरे सुरू झाले, की दोन्ही हात स्वतःच्या खांद्यांवर ठेवा आणि सावकाश म्हणा: ‘ओय सोलो लोस ओम्ब्रोस. लोस ओम्ब्रेस देस्कान्सान.’ आज फक्त खांदे, पुरुषांनी आराम करावा. मग त्या तिघांनी काय केलं ते मला कळवा.